वळवाचा पाऊस, बावीस कॉम्प्युटर आणि एक फायर पॉलिसी : खानापूर तालुक्यातल्या एका शाळेचं प्रकरण

हे प्रकरण कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलचं आहे. शाळेचं नाव देत नाही, विमा कंपनीचंही देत नाही, संस्थेने फाईल वापरायला दिली ती याच अटीवर. मी बेळगावात विम्याची कामं बघतो, क्लेम अडकला की लोक फाईल घेऊन येतात, तशीच ही आली. पण एका रात्रीत एकाच शाळेच्या एकाच प्रकारच्या मशीन्सचं नुकसान झालं आणि त्यातल्या काहींचे पैसे मिळाले, काहींचे एक रुपयासुद्धा नाही, आणि दोन्ही निर्णय नियमाला धरूनच होते, म्हणून हे सविस्तर लिहावंसं वाटलं. शाळांच्या कमिट्यांनी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं, कारण कॉम्प्युटरचा विमा आहे असं समजून बसलेल्या शाळा आपल्या भागात भरपूर आहेत.

आधी काय काय होतं ते सांगतो. शाळेत एकूण २२ कॉम्प्युटर. १४ लॅबमधले, ७ नंतर घेतलेले आणि १ ऑफिसचा, ज्याच्यावर फीचे हिशेब, पगारपत्रकं, टीसी, मार्क सगळं चालायचं. लॅबमधल्या १४ पैकी ९ माजी विद्यार्थ्यांनी पुण्याहून पाठवलेले, कंपन्यांमधून निघालेले रिफर्बिश्ड (वापरलेले, दुरुस्त करून दिलेले), बाकीचे संस्थेने विकत घेतलेले. एक ५ केव्हीएचा यूपीएस, नेटवर्क स्विच, प्रिंटर वगैरे. इमारती दोन. एक नवी आरसीसी, जिच्यासाठी बँकेचं कर्ज काढलेलं, आणि मैदानापलीकडे जुनी कौलारू, मंगळुरी कौलांची, दगडी भिंतींची, जिच्यात आता स्टोअर आहे.

पॉलिसी एकच. कर्ज देताना बँकेने फायर पॉलिसी काढायला लावली होती, ती दरवर्षी खात्यातून प्रीमियम कापून आपोआप रिन्यू व्हायची. इमारतीची रक्कम वेगळी आणि कॉन्टेंट्स, म्हणजे आतलं सामान, ८ लाखांचे. हा ८ लाखांचा आकडा कर्जाच्या वेळचा, त्यानंतर शाळेत बरंच सामान आलं पण आकडा तिथेच. अजून एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. १ एप्रिल २०२१ पासून आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) छोट्या जागांसाठी जुनी स्टँडर्ड फायर पॉलिसी बंद करून नवीन आणली, एका जागी ५ कोटींपर्यंतची मालमत्ता असेल तर भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा. त्यामुळे शाळेची पॉलिसीसुद्धा रिन्यूअलला आपोआप त्या नव्या प्रकारात गेलेली. शाळेकडे फक्त दोन पानी शेड्यूल (कशाचा किती विमा आहे ते सांगणारा तक्ता) यायचं, आतल्या अटींचं पुस्तक कधी आलं नाही आणि कुणी मागितलंही नाही. पुढे याच पुस्तकातल्या एका ओळीने शाळेला हात दिला.

आता घटना. ७ मे २०२४ ला लोकसभेचं मतदान होतं (खानापूर विधानसभा उत्तर कन्नड लोकसभेत येते, बाहेरच्या लोकांना हे माहीत नसतं). शाळेत मतदान केंद्र, तळमजल्यावरच्या खोल्या रिकाम्या करून द्या असं पत्र तहसीलदार ऑफिसमधून आलं. लॅब तळमजल्यावर. त्यामुळे लॅबमधले १४ कॉम्प्युटर मैदानापलीकडच्या कौलारू इमारतीत नेऊन बाकांवर मांडले, वरून जुनी बॅनरं झाकली. बाकीचे ७ वरच्या स्टाफरूममध्ये, कारण सुट्टीतला टायपिंगचा क्लास चालू होता, आणि ऑफिसचा त्याच्या जागेवरच. हे आठही यूपीएसला जोडलेले.

मतदान झालं, त्याच आठवड्यात एका संध्याकाळी वळीव आला. मे महिन्यात आपल्याकडे वळीव कसा येतो ते काही वेगळं सांगायला नको, आधी वारा, मग गारा, मग विजा. रात्रभर लाईट नव्हती. सकाळी शिपाई शाळेत गेला आणि तिथूनच हेडमास्तरांना फोन, "सर, कौलं उडालीत की हो, पाणी आत पडूलालंय, कॉम्प्युटरवरच." हेडमास्तर पोचले तेव्हा एका बाजूची कौलं खाली पडलेली, बॅनर वाऱ्याने सरकलेलं, मशीन भिजलेल्या. मग नव्या इमारतीत वर गेले तर स्टाफरूममध्ये करपल्याचा वास. यूपीएस आतून जळलेला, त्याच्या झळीने शेजारचं लाकडी टेबल आणि कपाटाची एक बाजू जळालेली, आणि आठही कॉम्प्युटर बंद. वीज जवळच्या खांबावर कुठेतरी पडून करंट लाईनमधून आत आला होता.

म्हणजे नुकसान दोन जागी आणि कारणं दोन. हे नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावर आहे.

हेडमास्तरांनी सगळ्यात चांगलं काय केलं तर काहीही हलवण्याआधी मोबाईलवर फोटो आणि व्हिडिओ काढले, छपरापासून जमिनीपर्यंत, प्रत्येक मशीनचा मागचा स्टिकर दिसेल असा. त्याच दिवशी टोल फ्री नंबरवर कळवलं. पण तेवढ्यात एका तरुण सरांनी उत्साहात भिजलेला एक सीपीयू पुसून, नव्या इमारतीत नेऊन, चालू होतो का बघू म्हणून भिंतीच्या प्लगला लावला, आणि आवाज होऊन तो कायमचा गेला. नुकसान झाल्यावर ते आणखी वाढू नये याची काळजी घेणं हे पॉलिसीधारकाचं काम असतं आणि सर्वेअरने (नुकसान तपासायला कंपनीने नेमलेला माणूस) नेमकं यावरच बोट ठेवलं, हा एक पावसाने गेला नाही, तुम्ही लावलात म्हणून गेला. ते मशीन क्लेममधून बाहेर. त्या सरांना कुणी बोललं नाही हे बरं केलं, पण भिजलेल्या मशीनला करंट द्यायचा नाही हे प्रत्येक लॅबच्या दारावर लिहून लावायला हवं.

उलट कॉम्प्युटरच्या सरांनी एक काम फार शहाणपणाने केलं. ते दर महिन्याला ऑफिसच्या मशीनचा बॅकअप एका एक्स्टर्नल हार्डडिस्कवर घ्यायचे आणि ती डिस्क मुद्दाम वेगळ्या इमारतीत ठेवायचे, कौलारू इमारतीतल्या लोखंडी कपाटात. विचार बरोबरच होता. पण त्या रात्री ऑफिसचं मशीनही गेलं आणि कपाटात वरून पाणी शिरून डिस्कही भिजली. सरांनी डिस्क लॅपटॉपला लावून बघितली नाही, उन्हात वाळवली नाही, तांदळात घातली नाही, जशी ओली होती तशीच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद केलं आणि हेडमास्तरांच्या ताब्यात दिली. पाणी गेलेली डिस्क फिरवली की आतल्या चकत्यांवर ओरखडे पडतात आणि मग कुणी काही करू शकत नाही. पाणी आतच सुकलं तर त्यातली घाण चकत्यांना चिकटते, म्हणून सुकवायचीही नाही. त्या एका पिशवीने शाळेचे हिशेब वाचवले.

फाईल माझ्याकडे आली ती सर्वेअर येऊन गेल्यावर, कंपनीचं पहिलं पत्र आल्यावर. संस्थेचे सेक्रेटरी चिडलेले होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "पॉलिसीत वीज पडणं लिहिलंय की नाही? लिहिलंय. मग आठ मशीनचे पैसे नाही म्हणजे काय?" आणि कंपनीच्या पत्रात तीन मुद्दे होते. एक, वरच्या मजल्यावरची आठ मशीन, यूपीएस आणि स्विच मिळणार नाही. दोन, कौलारू इमारत पॉलिसीत नाही, त्यामुळे तिथलं काहीच मिळणार नाही. तीन, ती इमारत कच्ची आहे.

पहिला मुद्दा. इथे मी सेक्रेटरींना स्पष्ट सांगितलं, कंपनी बरोबर आहे, इथे भांडून वेळ घालवू नका. फायर पॉलिसीत वीज पडणं कव्हर आहे हे खरं, म्हणजे वीज इमारतीवर पडली, भिंत तडकली, आग लागली, तर मिळतं. पण त्याच पॉलिसीत वगळलेल्या गोष्टींच्या यादीत एक कलम आहे, कुठल्याही विजेच्या किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाचं ओव्हररनिंग (क्षमतेपेक्षा जास्त चालणं), जादा दाब, शॉर्ट सर्किट, आर्किंग (ठिणग्या उडणं), स्वतःहून तापणं किंवा करंट लीक होणं यामुळे झालेलं नुकसान मिळत नाही, कारण काहीही असो, आणि पुढे स्पष्ट लिहिलंय, वीज पडून झालं तरी. हे कलम जुन्या पॉलिसीतही होतं. वायरमधून आलेल्या जादा करंटने बोर्ड जळणं हे याच कलमात बसतं. शाळांच्या कॉम्प्युटरना खरा धोका कुठला असतो? आग क्वचित लागते, पण व्होल्टेज वरखाली होणं, लाईट गेल्यावर धाडकन येणं, वीज पडून लाईनमधून करंट येणं, हे दर उन्हाळ्यात. आणि नेमकं तेच फायर पॉलिसीत नाही. कमिटीच्या मीटिंगमध्ये विमा आहे ना, आहे, पुढचा विषय, असं होतं तेव्हा हे कुणी वाचलेलं नसतं.

पण त्याच कलमाला एक शेपूट आहे आणि ते शाळेच्या बाजूचं. ही बंदी फक्त ज्या मशीनमध्ये करंटने बिघाड झाला तिच्यापुरती, तिच्यातून लागलेल्या आगीत दुसरं काही जळलं तर ते मिळतं. यूपीएस मिळाला नाही, पण त्याच्या शेजारचं टेबल आणि कपाट मिळालं, १४,००० धरले. सर्वेअरने स्वतःच्या रिपोर्टमध्ये ते धरलेलं होतं, पत्र लिहिणाऱ्याने सोडून दिलेलं.

दुसरा आणि तिसरा मुद्दा मात्र लढण्यासारखे होते. शेड्यूल नीट वाचलं. इमारतीच्या रकान्यात आरसीसी इमारत असं लिहिलेलं, त्यामुळे कौलारू इमारतीच्या छपराचे पैसे मिळणार नव्हते, ते आम्ही मागितलेही नाहीत. पण कॉन्टेंट्सच्या रकान्यात फर्निचर, कॉम्प्युटर व इतर सामान एवढंच, आणि जागेचा पत्ता म्हणजे शाळेचं नाव, गाव, सर्व्हे नंबर. दोन्ही इमारती एकाच सर्व्हे नंबरात, एकाच कंपाऊंडमध्ये. सामान आरसीसी इमारतीतच असलं पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. शिवाय सामान हलवलं ते हौसेने नाही, तहसीलदारांच्या पत्रामुळे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १६० खाली निवडणुकीसाठी जागा ताब्यात घेता येते, शाळेला नाही म्हणता येत नाही. ते पत्र, खोल्यांची यादी, आणि सर्व्हे नंबरचा उतारा जोडला.

कच्च्या इमारतीचं तर सोपंच होतं. फायर विम्यात कच्चं बांधकाम म्हणजे ज्याच्या भिंती किंवा छप्पर लाकडी फळ्यांचं, पाल्याचं, गवताचं, बांबूचं, प्लास्टिकच्या किंवा डांबरी कापडाचं, ताडपत्रीचं वगैरे असतं. मंगळुरी कौलं त्यात येत नाहीत. कौलारू म्हणजे कच्चं हे शहरातल्या माणसाच्या डोक्यातलं आहे, खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे शंभर वर्षांची कौलारू घरं पावसाला तोंड देत उभी आहेत. दगडी भिंत आणि कौलांचे फोटो लावले, व्याख्या लावली, दोन पानांचं उत्तर पाठवलं.

मधल्या काळात सर्वेअरने आणखी एक विचारलं, सुट्टीत शाळा बंद होती का, किती दिवस. हा प्रश्न उगाच नव्हता. जुन्या स्टँडर्ड फायर पॉलिसीत जागा ३० दिवसांपेक्षा जास्त वापराविना राहिली तर कव्हर थांबायचं, कंपनीला आधी कळवलं नसेल तर. आपल्या शाळांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मे अखेरपर्यंत सुट्टी, म्हणजे सहज ३० च्या वर. इथे टायपिंग क्लासचं हजेरीपुस्तक आणि मतदान केंद्राचं पत्र दाखवलं, विषय मिटला. पण ज्या शाळा सुट्टीत खरंच कुलूप लावून जातात त्यांनी आपल्या पॉलिसीत याबद्दल काय लिहिलंय ते शोधून वाचावं.

वारा-पाऊस झाला याचा पुरावाही लागतो. तलाठ्याचा पंचनामा झाला होता, तो कन्नडमध्ये. हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) सेक्शन ऑफिसमधून त्या रात्री लाईन तुटल्याचं पत्र घेतलं. कर्नाटकात केएसएनडीएमसीची (राज्याच्या आपत्ती निरीक्षण केंद्राची) पर्जन्यमापकं ग्रामपंचायतीपर्यंत बसवलेली आहेत, तिथला पावसाचा आकडा जोडला. तरुण भारत आणि पुढारीतली कात्रणं होती. शाळेचे ठराव आणि डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ सामानाची नोंदवही) मराठीत, पॉलिसी इंग्रजीत. सर्वेअर हुबळीचे, कन्नड आणि इंग्रजी उत्तम, मराठी वाचता येत नाही, त्यांचा काही दोष नाही. इंग्रजीच्या बाईंनी रजिस्टरच्या लागणाऱ्या पानांचं इंग्रजी करून दिलं, हेडमास्तरांनी सही-शिक्का मारला, ते चाललं. सीमाभागात ही भानगड कायमची आहे, फाईलमध्ये तीन भाषा असणारच, तेव्हा क्लेमच्या वेळी पळापळ करण्यापेक्षा सामानाची यादी आधीपासूनच इंग्रजीतही ठेवलेली बरी.

डेडस्टॉक रजिस्टरबद्दल थोडं जास्त सांगतो कारण क्लेम उभा राहिला तो त्याच्यावर. विकत घेतलेल्या मशीनची जीएसटी बिलं होती. माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्यांचं बिल कुठून आणणार? पुण्याच्या कंपनीचं एक डिलिव्हरी चलन, त्यावर शाळेचं नाव नाही. पण ज्या पोरांनी पाठवले त्यांनी सोबत नऊ सीरियल नंबरांची यादी पाठवली होती, तेव्हाच्या हेडमास्तरांनी ती रजिस्टरला चिकटवून प्रत्येक नंबर एंट्री केला, आणि संस्थेच्या सभेत देणगी स्वीकारल्याचा ठराव घेतला. म्हणजे मशीन शाळेच्या मालकीच्या हे सिद्ध झालं. हेडमास्तरांच्या फोटोतले स्टिकर आणि रजिस्टरमधले नंबर सर्वेअरने एकेक करून जुळवले, मी समोर बसलो होतो, एकही नंबर चुकला नाही. ज्या शाळेत देणगीचे कॉम्प्युटर हार-नारळ, फोटो आणि बातमीवर संपतात, रजिस्टरला एंट्री नाही, ठराव नाही, तिथे असा क्लेम आला तर काय दाखवणार?

कंपनीने उत्तर मान्य केलं, दोन्ही मुद्दे मागे घेतले. सेक्रेटरींना लोकपालाकडे जायचं होतं, पण विमा लोकपाल नियमांत वैयक्तिक पॉलिसी, ग्रुप पॉलिसी, सोल प्रोप्रायटर आणि मायक्रो एंटरप्रायझेस यांचा उल्लेख आहे, शिक्षण संस्था त्यात बसवणं कठीण. आधी कंपनीचा तक्रार विभाग, मग आयआरडीएआयचं बीमा भरोसा पोर्टल, आणि नाहीच झालं तर ग्राहक आयोग असा रस्ता मी सांगून ठेवला होता. पहिल्याच पायरीवर काम झालं.

आता पैशाचा हिशेब, कारण मान्य झालं म्हणजे सगळं मिळालं असं नाही. कौलारू इमारतीतल्या १४ पैकी ५ मशीन साफ करून, एसएमपीएस (आतला पॉवर सप्लाय) बदलून चालू झाल्या, प्रत्येकी ४,२०० प्रमाणे २१,०००. एक त्या सरांनी प्लगला लावलेली, बाद. ८ पूर्ण गेलेल्या, त्यात ३ विकत घेतलेल्या, आजच्या किमतीने ३२,००० प्रत्येकी म्हणजे ९६,०००, आणि ५ देणगीतल्या रिफर्बिश्ड, त्यांना नवीनची किंमत मिळत नाही, तसल्याच मशीनची आजची किंमत १७,००० धरली, ८५,०००. विमा म्हणजे जे होतं तसंच परत, त्याहून भारी नाही, यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. एकूण २,०२,०००. भंगाराचे प्रत्येकी १,५०० म्हणजे १२,००० वजा, १,९०,०००. त्यात टेबल-कपाटाचे १४,००० मिळवले की २,०४,०००.

आणि इथे तो जुना ८ लाखांचा आकडा आडवा आला. सर्वेअरने शाळेतल्या सगळ्या कॉन्टेंट्सची किंमत काढली, बाक, कपाटं, सायन्स लॅब, लायब्ररी, २२ कॉम्प्युटर, सगळं धरून १२,५०,०००. विमा ८,००,००० चा. म्हणजे ६४ टक्के मालाचाच विमा, उरलेल्या ३६ टक्क्यांचा धोका शाळेने स्वतःच घेतला असं धरतात, आणि कुठलंही नुकसान झालं तरी त्याच्या ६४ टक्केच देतात. नव्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची कमतरता माफ आहे, ही सवलत चांगली आहे, पण इथे कमतरता ३६ ची. २,०४,००० चे ६४ टक्के म्हणजे १,३०,५६०. एक्सेस (क्लेममधली जी ठराविक रक्कम शाळेनेच सोसायची असते ती) वजा होऊन सव्वा लाखाच्या आसपास. निव्वळ आकडा न वाढवल्यामुळे सत्तर हजारांच्या वर गेले, आणि तो वाढवायला जो जादा प्रीमियम पडला असता तो वर्षाला फार तर एखाद्या प्रिंटर कार्ट्रिजएवढा. मला या प्रकरणातली सगळ्यात टोचणारी गोष्ट हीच वाटते, वीज कुणाच्या हातात नव्हती, हा आकडा होता.

वरच्या मजल्यावरचं जे अजिबात मिळालं नाही ते असं, आठ मशीन, यूपीएस ६५,००० चा, स्विच ६,००० चा, मिळून सव्वातीन लाखांच्या वर.

डेटाकडे येतो. ऑफिसच्या मशीनची डिस्क गेली, ती करंटने गेली म्हणून तिच्यातल्या डेटाचाही प्रश्न मिटला, मूळ नुकसानच कव्हर नसेल तर डेटा कसा होणार. पण बॅकअपची डिस्क भिजली होती वादळात, छप्पर उडून, आणि वादळ कव्हर आहे. नव्या पॉलिसीच्या अटींच्या पुस्तकात कॉन्टेंट्समध्ये काही ठराविक गोष्टींना आपोआप कव्हर दिलेलं आहे, त्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम, माहिती आणि डेटा, ५ लाखांपर्यंत. वेगळा प्रीमियम नाही, शेड्यूलमध्ये ठळक लिहिलेलंही नसतं. कंपनीच्या वेबसाईटवरून पुस्तक उतरवून ती ओळ दाखवली. डिस्क बेंगळुरूच्या रिकव्हरी लॅबला पाठवली होती, २८,००० खर्च आला, डेटा जवळजवळ सगळा निघाला, आणि ते २८,००० पावतीप्रमाणे मिळाले. मशीन गेली त्याचे पैसे नाहीत पण भिजलेल्या डिस्कचे आहेत, हे सेक्रेटरींना पटायला थोडा वेळ लागला.

तरी बॅकअप मार्चअखेरचा होता. एप्रिलमधल्या फीच्या एंट्र्या, नव्या प्रवेशांची माहिती गेलेली. पावतीपुस्तकं कागदावर होती, मुलांची मूळ माहिती सरकारच्या सॅट्सवर (विद्यार्थ्यांच्या ऑनलाईन नोंदींवर) सुरक्षित होती, त्यामुळे जूनमध्ये क्लार्कने आणि दोन बाईंनी बसून पुन्हा भरलं. त्या श्रमाचे पैसे कुणी दिले नाहीत.

आणि एक गोष्ट जी मला फार महत्त्वाची वाटते आणि जिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. क्लेम दिल्यावर मोडक्या मशीन कंपनी भंगार म्हणून नेऊ शकते, किंवा भंगाराची किंमत कापून शाळेकडेच ठेवता येतात. आम्ही दुसरा रस्ता घेतला. कारण त्या मशीनचे बोर्ड गेले होते, डिस्क जिवंत होत्या, आणि दोनतीन मशीनवर स्कॉलरशिपचे फॉर्म भरलेले, म्हणजे मुलांची आधार कार्डं, जातीचे-उत्पन्नाचे दाखले, पालकांच्या बँक पासबुकचे फोटो. हे बेळगावच्या खडेबाजारात कुठल्या दुकानात जाऊन पडलं असतं सांगता येत नाही. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात अठराच्या आतल्या मुलांच्या माहितीला वेगळं संरक्षण दिलेलं आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी ती आपल्याच गावातली पोरं आहेत. डिस्क काढून घेतल्या, पुसून, फोडून मग भंगार विकलं.

त्यानंतर शाळेने काय केलं. फायर पॉलिसीत कॉन्टेंट्स १३ लाख केले, दोन्ही इमारती वेगवेगळ्या लिहून घेतल्या. आणि इलेक्ट्रॉनिक इक्विपमेंट पॉलिसी वेगळी घेतली, जी खरं म्हणजे पहिल्या दिवसापासून हवी होती. तिचे तीन भाग असतात, पहिला मशीनचा, ज्यात व्होल्टेज, शॉर्ट सर्किट, पाणी, आग असं जे स्पष्ट वगळलेलं नाही ते सगळं येतं, दुसरा बाहेरच्या डेटा मीडियाचा आणि त्यावरची माहिती पुन्हा उभी करण्याच्या खर्चाचा, तिसरा काम चालू ठेवायला जो जादा खर्च येतो त्याचा. शाळेने पहिले दोन घेतले. इथे विम्याची रक्कम आजच्या नव्या किमतीची द्यावी लागते, जुन्या मशीनची जुनी किंमत टाकली की पुन्हा तेच, कमी विमा, कमी क्लेम. शिवाय मशीन मेन्टेनन्सखाली असाव्यात अशी अपेक्षा असते, म्हणून बेळगावातल्या एका दुकानाशी एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) केला. प्रीमियम जीएसटी धरून दहा हजारांच्या आत बसला. दुसऱ्या भागाबद्दल गैरसमज नको, डिस्कला प्रत्यक्ष नुकसान झालं तरच तो लागू होतो, कुणी चुकून फोल्डर डिलीट केला किंवा चुकीचा डेटा भरला तर त्यात काही मिळत नाही. व्हायरसने फायली लॉक झाल्या, पैसे मागितले, त्याला सायबर पॉलिसी वेगळी लागते, ती शाळेने अजून घेतलेली नाही, कमिटीत दोन मतं आहेत.

सर्वेअरने जाता जाता अर्थिंग तपासायला सांगितलं होतं. खड्डा उकरला तर मीठ-कोळसा पूर्ण कोरडा, उन्हाळ्यात कुणी पाणीच घातलेलं नाही. नवीन अर्थिंग केलं, मीटरजवळ सर्ज अरेस्टर (लाईनमधून येणारा जादा करंट अडवणारं उपकरण) बसवला, आणि वळीव जवळ आला की प्लग काढून ठेवायचे, ब्रॉडबँडची केबलसुद्धा, कारण करंट तिच्यातूनही येतो. बॅकअप आता दर आठवड्याला, दोन डिस्क, एक सेक्रेटरींच्या घरी बेळगावात.

हे फक्त खानापूरच्या वळवापुरतं नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात चिकोडी, निपाणी, अथणी, रायबाग भागात कितीतरी शाळा काळजी केंद्रं (पूरग्रस्तांच्या निवाऱ्याच्या जागा) झाल्या होत्या, तेव्हाही खोल्या रिकाम्या करून सामान जिथे जागा मिळेल तिथे हलवलं गेलंच. निवडणूक, पूर, परीक्षा केंद्र, शाळेचं सामान हलत राहतं. हलवण्याआधी कंपनीला एक ईमेल टाकायचा, काय, कुठून कुठे, किती दिवस, एवढंच. या शाळेचा पत्ता आणि सर्व्हे नंबर एक होता म्हणून निभावलं, गावातल्या समाजमंदिरात किंवा कुणाच्या गोडाऊनमध्ये नेलं असतं तर तो मुद्दा आम्हाला जिंकता आला नसता.

एक काम अजून बाकी आहे. पॉलिसीला बँकेचं कलम लागलेलं आहे, त्यामुळे कॉन्टेंट्सचा क्लेमसुद्धा आधी बँकेच्या नावाने निघाला आणि शाळेच्या खात्यात यायला पुन्हा पत्रापत्री करावी लागली. कॉम्प्युटर बँकेकडे तारण नाहीत, कर्ज फक्त इमारतीवर आहे. तेव्हा ते कलम इमारतीपुरतंच ठेवावं असं पत्र बँकेला आणि कंपनीला दिलंय, कंपनीचा होकार आला, बँकेचं उत्तर यायचंय.